दृढतेचा भार

नीतीच्या बोलण्यांत कठीण वस्तूंचा मान नेहमींच मोठा असतो. करारी माणसाला आपण पोलादाची उपमा देतों, निश्चयी माणसाला पर्वताची; उलट मऊपणाची गोष्ट निघाली कीं मेण आठवतें, आणि मेणाचें नांव घेतांना आपल्या ओठांवर थोडा तिरस्कार उमटल्याखेरीज राहत नाहीं. ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे कीं, जें लवतें तें कमी प्रतीचें आणि जें लवत नाहीं तें थोर, हें आपण सिद्ध न करतांच गृहीत धरून चालतों. या समजुतीची परीक्षा तत्त्ववेत्त्यांच्या ग्रंथांत जशी होऊं शकेल, तशीच ती मोटारीच्या पोटाखालीं, गंज आणि चिखल यांच्या संगतींत, उताणें निजूनही होऊं शकते असें आम्हांस वाटतें. आणि वाचक रागावणार नसतील तर या लेखांत आम्ही ती तेथेंच करणार आहों.

प्रसंग अगदीं साधा आहे. कित्येक मोटारमालक आपल्या जुन्या गाडीच्या सस्पेन्शनमधले झिजलेले रबरी बुश घरच्या घरीं काढतात आणि त्यांच्या जागीं पॉलियुरिथेन नांवाच्या अधिक कठीण द्रव्याचे बुश बसवतात. ब्रिटनमध्यें हा सुटीच्या दिवसाचा नित्याचा उद्योग आहे. त्याचें वरवरचें कारण काटकसर, कारण तिकडे कारागिराच्या तासाचा दर मालाहून महाग पडतो. आंतलें कारण मात्र निराळें आहे. गाडी ढिली झाली, वळणावर ती डुलते, सुकाणूचा हुकूम चाकापर्यंत पोंचण्यास क्षणभर उशीर होतो. तिला आतां ताठ केलें पाहिजे, ही ती आंतली इच्छा. ती इच्छा आम्ही चुकीची म्हणत नाहीं. पण तिच्यांत एक नीतिविषयक प्रश्न दडलेला आहे, आणि तो बोल्ट सोडण्यापूर्वीं विचारला जात नाहीं.

ज्यांनीं मोटार केवळ आंत बसून पाहिली आहे त्यांच्याकरितां बुश म्हणजे काय हें सांगणें अवश्य आहे. चाकें ज्या पोलादी आंसावर किंवा आधारावर बसवलेलीं असतात तो गाडीच्या सांगाड्याला थेट जखडलेला नसतो. मध्यें दांडे असतात, आणि दांड्यांनीं आपापल्या टोकाशीं थोडें फिरावें, थोडें डोलावें अशी योजना असते. या टोकाच्या भोंकांत बुश बसतो. त्याची रचना पाहतां हंसूं यावें इतकी साधी: आंत एक पोलादी नळी, तिच्यांतून बोल्ट जातो, बाहेर दुसरी मोठी नळी, ती दांड्याच्या भोंकांत दाबून बसवलेली, आणि दोहोंच्या मध्यें दोन्ही नळ्यांना चिकटवून टाकलेलें रबर. दांडा हलला म्हणजे येथें कांहींच घासत नाहीं. रबर स्वतःच्या अंगांत पीळ घेतें आणि भार उतरतांच पीळ सोडून मूळ जागीं येतें. खड्ड्यांतून आलेला धक्का त्याच्या अंगांत अर्धामुर्धा जिरून उष्णता होऊन जातो, आणि आंत बसलेल्या माणसापर्यंत त्याची फक्त बातमी पोंचते.

हा मऊपणा म्हणजे कारखानदाराची कंजुषी, असें पुष्कळांस वाटतें. पण इतिहास उलट आहे. पूर्वीच्या मोटारींत अशा सांध्यांवर धातूवर धातु फिरत असे, आणि मालकाला दर थोड्या मैलांनीं वंगण भरत हिंडावें लागे. वंगण विसरलें कीं सांधा झिजे, झिजला कीं खडखडे. धातूंच्या मध्यें रबर आणण्याची विद्या हळूहळू आली. १९३१ सालीं अमेरिकेंतल्या प्लिमथ गाडीचें इंजिन रबरी आधारांवर बसवून बाजारांत आलें, तेव्हां ही गोष्ट मोठी सुधारणा म्हणून जाहीर करण्यांत आली होती. कठीणपणा फुकट मिळत होता. लवचीकपणा मात्र शोधून काढावा लागला.

रबराला म्हातारपण येतें हें मात्र खरें. तेलानें तें फुगतें, उन्हानें व हवेंतल्या ओझोननें त्याला भेगा पडतात, आणि शेवटीं तें नळीपासून सुटतें. मग दांडा पीळ न घेतां नुसता हिसके घेतो. ही स्थिति आली म्हणजे बुश बदलणें भाग आहे, त्यांत वाद नाहीं. वाद आहे तो बदलून काय घालावें याचा.

पॉलियुरिथेन हें जर्मनींतल्या लेव्हरकूझेन येथें ऑटो बायर यांनीं १९३७ सालीं सिद्ध केलेल्या रसायनविद्येचें फळ. (त्याच नांवाच्या कारखान्याच्या संस्थापक घराण्याशीं त्यांचें नातें नव्हतें, हें सांगून ठेवतों, नामसादृश्यानें पुष्कळांची फसगत होते.) गादीच्या स्पंजापासून स्केटच्या चाकापर्यंत या द्रव्याचीं अनेक रूपें आहेत. शोअर 'ए' नांवाच्या मोजपट्टीवर गाडीच्या रबरी बुशाची कठिणता साधारण ५० ते ७० भरते. पॉलियुरिथेनचे बुश ७५ पासून ९५ पर्यंत मिळतात. तेलाला तें दाद देत नाहीं, आणि टिकतेंही पुष्कळ. परंतु खरा भेद कठिणतेच्या आंकड्यांत नाहीं. रबरी बुश दोन्ही नळ्यांना चिकटलेला असतो. पॉलियुरिथेनचा बहुधा कोणालाच चिकटलेला नसतो. त्याचे दोन अर्धुक दोन बाजूंनीं भोंकांत बसतात, मध्यें पोलादी नळी सरकवायची, आणि फिरण्याचें काम घसरण्यानें व्हावयाचें. म्हणून त्याला ग्रीस लागतें, आणि ग्रीस वाळलें कीं तो कुरकुरूं लागतो. रबर आपल्या अंगावर घेतें. हें अंग चोरतें आणि वाट करून देतें. दोघांच्या वृत्तींतला हा फरक पुढें उपयोगी पडणार आहे, तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

आतां प्रत्यक्ष काम. उदाहरणादाखल आम्ही लँड रोव्हर डिफेंडर ही गाडी घेतों. १९८३ पूर्वींच्या तिच्या वडील भावंडांस पट्ट्यांच्या स्प्रिंगा होत्या. त्या वर्षापासून गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, १९९० सालीं डिफेंडर हें नांव मिळालें, आणि सॉलिहलच्या कारखान्यांतून शेवटची जुनी डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजीं बाहेर पडली. या गाडीचे बुश घरीं बदलणारे मालक पुष्कळ आहेत, आणि तिची रचना आमच्या प्रश्नाला फार सोयीची आहे.

गाडी सपाट जागीं उभी करावी, चाकांस ठोकळे लावावे, जॅकनें उचलून ती भक्कम घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं शिरणें हें धाडस नव्हे, तो निव्वळ अविचार आहे. बोल्ट बहुधा गंजून आंतल्या नळीशीं एकजीव झालेला असतो. त्यावर तेल सोडून रात्रभर थांबावें. तरी न हलला तर कापावा. दांडा खालीं आला म्हणजे जुना बुश काढण्याचें खरें कष्टाचें काम. प्रेस नसेल तर शिकंजा, योग्य मापाच्या दोन सॉकेट, किंवा आट्यांचा लांब दांडा, वॉशर व नट एवढ्यावरही तें साधतें. कांहीं लोक रबर जाळून काढतात. त्याचा धूर विषारी असतो आणि शेजारीपाजारी आपल्या सस्पेन्शनमध्यें भागीदार नसतात, तेव्हां तें करूं नये. बाहेरची नळी हटली नाहीं तर करवतीनें तिला एक चीर पाडावी, पण ती चीर दांड्याच्या धातूंत जाऊं देऊं नये. मग भोंक घासून स्वच्छ करावें आणि नवे अर्धुक त्यांच्याबरोबर आलेलें ग्रीस लावून आंत दाबावे. जुना बुश काढण्यास दुपार लागते, नवा बसवण्यास पांच मिनिटें. पॉलियुरिथेनच्या लोकप्रियतेचें एक कारण हेंही आहे, तें कोणी मोठ्यानें सांगत नाहीं इतकेंच.

या सर्व खटाटोपांत एक पायरी अशी आहे कीं तिच्यापाशीं आम्ही थोडें थांबणार आहों. नवा रबरी बुश बसवला तर त्याचा बोल्ट गाडी घोड्यांवर अधांतरीं असतांना शेवटचा आंवळावयाचा नसतो. तो हातानें लावून ठेवावा, गाडी चाकांवर उतरवावी, तिचें सारें वजन स्प्रिंगांवर येऊं द्यावें, आणि मग टॉर्क रेंच लावून ठरलेल्या जोरानें घट्ट करावा. कारण असें: बोल्ट आंवळला कीं आंतली नळी त्या कोनांत कायमची पकडली जाते, आणि रबर त्याच कोनाला आपली विसांव्याची जागा मानूं लागतें. चाक लोंबत असतांना बोल्ट आंवळला तर गाडी जमिनीवर येतांच रबराला पीळ पडतो; ती उभी असली तरी तो पिळलेलाच राहतो, आणि प्रत्येक खड्ड्याचा पीळ त्यांत मिळवला जातो. असा बुश आपल्या वयाच्या पुष्कळ आधीं फाटतो, आणि मग लोक रबराला नांवें ठेवतात. नळी मोकळी फिरत असल्यामुळें पॉलियुरिथेनला या चुकीची शिक्षा कमी होते. गर्दीच्या कारखान्यांत गाडी वर उचललेली असतांनाच सारे बोल्ट आंवळून मोकळें होण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं दिसते. तेथला कारागीर अज्ञानी नसतो, त्याला वेळ नसतो. घरच्या माणसाजवळ वेळ असतो, ज्ञान कमी असतें. आणि या दोन उणीवांपैकीं दुसरी भरून काढतां येते, म्हणून घरच्या कामाचा आम्ही तिरस्कार करीत नाहीं.

पण त्या पायरींत आम्हांस जें दिसतें तें यंत्रापुरतें नाहीं. माणसाचीं तत्त्वें कोठें आंवळलीं जातात? पुष्कळांचीं अधांतरीं. अंगावर संसाराचें वजन नसतांना, कोणी आजारी नसतांना, कोणाचें देणें नसतांना तीं मोठ्या जोरानें घट्ट केलीं जातात. आणि मग वजन आलें म्हणजे तो मनुष्य उभ्या जागींच पिळवटलेला राहतो. त्यानें कोणतेंही वाईट कृत्य केलेलें नसतें, तरी घरांतल्या साऱ्यांस त्याचा ताण कळत असतो. ज्यानें भार अंगावर घेऊन आपली जागा ठरवली तोही वांकतो, पण त्याच्या वांकण्याला परतण्याचें ठिकाण असतें. ढिलेपणा आणि लवचीकपणा यांतला भेद आमच्या मतें एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. झिजलेला बुशही हलतो, चांगलाही हलतो. झिजलेला हललेल्या जागींच राहतो, चांगला परत येतो. ढिल्या माणसाला पाहून ज्यांना ताठपणाचें प्रेम सुटतें त्यांनीं हा भेद पाहिलेला नसतो.

आरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत न्यायाचा विचार करतांना लेस्बॉस बेटांतल्या गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वांकत असे. कायदा सर्वसामान्य असतो, प्रसंग विशेष असतो, आणि जेथें कायद्याची सरळ रेघ प्रसंगाला लागत नाहीं तेथें ती वांकवणें हा न्यायाचा भंग नसून त्याची दुरुस्ती आहे, असा त्याचा आशय. दाखला सुंदर आहे, पण शिसें वांकलें कीं वांकलेलेंच राहतें. पुढच्या दगडाकरितां तें पुन्हां हातानेंच सरळ करावें लागत असणार. न्यायाधीशाच्या वांकण्याची भीति आपल्याला वाटते ती याचमुळें.

आपल्याकडे पुरांतल्या लव्हाळ्याचा दाखला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तोही येथें पुरता लागू पडत नाहीं. लव्हाळें वांकतें तें स्वतः वांचण्याकरितां. झाड वाहून गेलें त्याचें त्याला सोयरसुतक नाहीं. बुशाचें वांकणें स्वतःकरितां नसतें. तो पीळ घेतो म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचें पोलाद वांचतें, आणि घेतां घेतां तोच झिजतो. त्याची झीज हा दोष म्हणून मोजतांना आपण हें विसरतों कीं ती दुसऱ्या कोणाची तरी वांचलेली झीज आहे.

येथें डिफेंडरच्या पुढच्या आंसाकडे वळणें जरूर आहे. हा आंस अखंड असून त्याला दोन दांडे सांगाड्याशीं जोडतात. प्रत्येक दांडा मागच्या टोकाला सांगाड्याशीं अडकवलेला असतो, आणि पुढें आंसाला दोन ठिकाणीं धरतो, एक बुश आंसाच्या पुढें, एक मागें. सपाट रस्त्यावर ही रचना फार उत्तम. पण डोंगरवाटेवर एक चाक दगडावर चढलें आणि दुसरें खळग्यांत उतरलें कीं दोन दांडे दोन निरनिराळ्या कोनांत जाऊं पाहतात. आंसाला तर मध्येंच पीळ घेतां येत नाहीं. हा तंटा कोणीं मिटवावयाचा? ते चार बुशच मिटवतात. ते दबतात, तिरपे होतात, म्हणून खालच्या चाकाला जमीन गांठतां येते. त्यांच्या जागीं अतिशय कठीण बुश घातले तर आंस सांगाड्याबरोबर ताठ राहूं पाहतो, आणि ज्या चाकाला खळग्यांत पाय टेंकावयाचा तें लवकर अधांतरीं होतें. ताठपणा येथें स्थैर्य देत नाहीं. तो जमिनीशीं असलेला संबंधच तोडतो. उलट त्याच गाडीच्या पॅनहार्ड दांड्याचें काम आंसाला आडवा सरकूं न देणें एवढेंच आहे. तेथें थोडा कठीण बुश घातला तर सुकाणूची आज्ञा अधिक नेमकी पोंचते, आणि कोणाचें नुकसान होत नाहीं. एकच गुण दोन सांध्यांवर दोन प्रकारचा ठरतो. म्हणून पेटी विकणाऱ्यानें सर्व जागांकरितां एकाच रंगाचे बुश भरून दिले म्हणजे ते सर्व जागीं शोभतातच असें नाहीं.

आणि जेथें नुकसान होतें तेथें तें कोणाचें? धक्का हा जिन्नस नाहींसा करतां येत नाहीं. तो कोणीतरी घ्यावाच लागतो. बुशानें घेण्याचें नाकारलें तर तो सांगाड्याला जोडलेल्या कानाकडे जातो, बोल्टाच्या भोंकाकडे जातो, उरलेला बैठकींतून माणसाच्या पाठीकडे जातो. सुकाणूवर बसलेला गृहस्थ त्याला 'रस्ता कळतो' असें म्हणतो आणि संतोष पावतो. मागें बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईलाही रस्ता कळतो, पण तिला तो कळून घ्यावयाचा नव्हता. आमच्या प्रश्नाचें मूळ येथें आहे. स्वतःच्या गाडीला ताठ करण्याचा हक्क मालकाला आहे काय? आहे, असें आम्ही म्हणतों. परंतु तो हक्क वापरतांना 'मी माझ्या वस्तूशीं वाटेल तें करीन' हें उत्तर पुरें पडत नाहीं, कारण जो भार तो बुशावरून उतरवतो तो त्याच्या एकट्याच्या वांट्याला येत नाहीं. ज्यांच्यावर तो सरकतो त्यांना विचारणें हें सौजन्य नाहीं, तो हिशेबाचा भाग आहे. कुटुंबांत, कचेरींत, सभेंत जो मनुष्य 'मी वांकत नाहीं' असें अभिमानानें सांगतो त्याच्याकडे आम्ही याच नजरेनें पाहतों. त्याच्या जागीं कोण वांकलें, हें आम्हांस आधीं पाहावेंसें वाटतें. बहुधा ती व्यक्ति त्याच खोलींत असते, आणि तिचें नांव कोणी घेत नाहीं.

असेही सांधे आहेत जेथें वांकूं नये, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. पॅनहार्ड दांडा वर सांगितलाच आहे. खोटी साक्ष द्यावी कीं देऊं नये या सांध्यावर आम्हांसही पोलादच हवें. पण माणसाच्या दिवसांत असे सांधे थोडे, आणि पाळण्याच्या, खपवून घेण्याच्या, उद्यां बोलूं म्हणण्याच्या जागा पुष्कळ. थोड्या जागांचा नियम पुष्कळ जागांना लावणें हें धैर्य नसून आळस आहे, कारण प्रत्येक सांध्याखालीं शिरून तो कोणत्या दिशेनें हलतो हें पाहण्याचे कष्ट त्यांत वांचतात.

घरच्या कामाचें आम्हांस कौतुक वाटतें तें याचकरितां. कारखान्यांत गाडी देऊन 'बुश बदला' म्हणणाऱ्याला हे कष्ट दिसत नाहींत. जो स्वतः खालीं शिरतो त्याला फाटलेलें रबर हातांत घेऊन पाहावें लागतें: कोणत्या बाजूला तें अधिक चेपलें, कोठून फाटलें, भार कोठून कोठें जात होता. शिवाय या कामाला साक्षीदार नसतो. ब्रिटनमध्यें गाड्यांची सक्तीची परीक्षा १९६० सालापासून आहे. परीक्षक पहारीनें सांधा हलवून त्यांत खेळ आहे काय तें पाहतो. बोल्ट कोणत्या स्थितींत आंवळला, कोणत्या जोरानें आंवळला, भोंकाला करवतीची चीर लागली होती काय, हें त्या परीक्षेंत उघड होण्याचा संभव थोडा. तें फक्त करणाऱ्याला माहीत असतें, आणि रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव त्या ज्ञानावर विसंबून असतो. म्हणून चीर धातूंत गेली असेल तर दुसरा दांडा आणावा. दिवस मावळला असेल तर गाडी तशीच घोड्यांवर राहूं द्यावी.

डिफेंडरपुरता आमचा अभिप्राय विचाराल तर पुढच्या आंसाचे चार बुश रबराचेच असावे, विशेषतः गाडी डोंगरांत जाणार असेल तर; तेथें पॉलियुरिथेनचा हट्टच असेल तर मिळतील त्यांतले मऊ घ्यावे. पॅनहार्ड दांड्याला मात्र पॉलियुरिथेन घालण्यास हरकत नाहीं. दोन बाजूंचे बुश नेहमीं एकाच जातीचे आणि एकदमच बदलावे. आणि दोनतीनशें मैल झाले म्हणजे गाडी पुन्हां सपाट जागीं, चाकांवर उभी करून प्रत्येक नटाला टॉर्क रेंच लावून पाहावा. नव्या बुशाला आपली जागा सांपडेपर्यंत एखादा नट थोडा सैल पडलेला असतो.